‘उद्या मोकळा आहेस का?’ : मुंबईत फिल्म लाइनमधलं पहिलं वर्ष

रात्री सव्वादहाला फोन वाजला. पलीकडचा माणूस नावही नीट सांगत नव्हता, "प्रॉडक्शनमधून बोलतोय" एवढंच. "उद्या मोकळा आहेस का? मढला साडेपाचचा कॉल आहे." कॉल म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ. मी तेव्हा डोंबिवलीत मावशीकडे राहत होतो. "येतो सर" म्हणून मोकळा झालो. पहाटेची लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, मग जेट्टीवरून बोट. मढच्या बंगल्यावर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि माझ्या जागी दुसराच एक मुलगा कमरेला वॉकी लावून पळत होता. कुणी ओरडलं नाही. "चहा घे आणि जा," म्हणाले. त्या नंबरवरून पुन्हा फोन आला नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की या धंद्यात नोकरीची जाहिरात, मुलाखत, नेमणूकपत्र असला प्रकार फारसा नसतो. असतो तो हा फोन. तो आयत्या वेळी येतो, त्याला दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, आणि ‘हो’ म्हटल्यावर पोचावंच लागतं. कुठे राहायचं, किती पैसे घेऊन यायचं, काय शिकून यायचं, हे सगळं मी खाली त्या फोनच्या हिशेबाने सांगतोय.

१. आधी खातं ठरवा

"मला फिल्म लाइनमध्ये जायचंय" हे घरच्यांना सांगायला ठीक आहे. फोन करणाऱ्याला मात्र विशिष्ट खात्यात माणूस कमी पडत असतो. दिग्दर्शन, कॅमेरा, लाइट, साउंड, आर्ट, कॉस्च्युम, मेकअप, प्रॉडक्शन, एडिट. प्रत्येकाचं दार वेगळ्या बाजूला आहे.

कॅमेऱ्यात शिरायचं असेल तर कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे जा. त्यांचं सामान सेटवर जातं तेव्हा सोबत अटेंडंट जातो. लेन्स पुसणं, बॅटऱ्या चार्ज करणं, पेट्या मोजणं ही त्याची कामं. तिथून पुढे फोकस पुलरपर्यंत (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा) गेलेले बरेच जण आहेत. एडिटमध्ये सुरुवात असिस्टंट म्हणून होते : फुटेजच्या कॉपी काढणं, आवाज आणि चित्र जुळवणं, फोल्डर नीट लावणं. साउंडमध्ये बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला लागते, आणि हात वर धरून चार मिनिटं न हलता उभं राहणं वाटतं तितकं सोपं नाही.

प्रॉडक्शनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडच्या मुलांना ते सुचतच नाही. रोजचा किरकोळ खर्च, व्हाउचर, गाड्यांचा हिशेब, जेवणाची माणसं मोजणं, लोकेशनच्या परवानग्या. बी.कॉम. झालेला, आकडे चोख ठेवणारा, चार लोकांशी गोड बोलू शकणारा मुलगा किंवा मुलगी या खात्यात सोन्यासारखी ठरते. पण बी.कॉम. झालेले सगळे दिग्दर्शक व्हायला येतात.

दिग्दर्शक व्हायचंय म्हणून एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, होणाऱ्यांनाही एक गोष्ट माहीत असू द्या. एडीचं काम वेळापत्रकाचं असतं. सीनचं ब्रेकडाउन, कुठल्या दिवशी कोण कलाकार, किती वाजता तयार, कुठले कपडे, कुठली प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू. सेट कसा चालतो ते त्यातून उत्तम कळतं. गोष्ट कशी सांगायची ते लिहून आणि स्वतःच्या छोट्या फिल्म करूनच कळतं, आणि ते काम सुटीच्या दिवशी तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

शिक्षण घ्यायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय ही फिल्म संस्था आहेच, १९६० साली प्रभातच्या जुन्या आवारात सुरू झालेली. कोलकात्याला सत्यजित रे यांच्या नावाची संस्था आहे, अभिनयासाठी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, आणि मुंबई विद्यापीठाची कलिना आवारातली थिएटर आर्ट्स अकॅडमी. इथे प्रवेश मिळत असेल तर दोन-तीन वर्षं द्यावीत असं माझं मत आहे, कारण तिथले वर्गमित्रच पुढे वीस वर्षं फोन करतात. गल्लोगल्लीच्या ‘सहा आठवड्यांत अभिनेता’ छाप क्लासच्या फीत मुंबईत दोन-चार महिने निघतात, एवढा हिशेब करून मग ठरवा.

२. निघण्याआधी घराजवळच सेट बघा

मराठी सिनेमा आणि मालिकांचं बरंच काम मुंबईबाहेर चालतं. वाई, सातारा, भोर, कोल्हापूर या भागात युनिट येतच असतात. कोल्हापुरात तर चित्रनगरीही आहे. बाहेरून आलेल्या युनिटला स्थानिक माणूस लागतो : मंडप कुठे मिळेल, म्हैस कुणाची आणायची, सरपंचांना कोण ओळखतो. त्या कामाला स्वतःहून पुढे व्हा. पैसे थोडे मिळतील, पण पंधरा दिवसांत दोन गोष्टी कळतील. एक, बारा-चौदा तास उभं राहणं आपल्याला झेपतं का. दुसरी, हे काम जवळून बघितल्यावरही आवडतंय का. मुंबईत डिपॉझिट भरून झाल्यावर हा शोध लागला तर महाग पडतो.

अभिनय करणाऱ्यांसाठी हीच शाळा एकांकिका स्पर्धांची. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि मराठी पडद्यावर दिसणारे कितीतरी चेहरे अशा स्पर्धांतून आलेत. स्पर्धेत सोबत काम केलेला लेखक किंवा नेपथ्यवाला तुमच्या आधी मुंबईत पोचला असेल तर पहिला फोन त्याचाच येईल.

निघताना सोबत काय हवं? आधार, पॅन, बँक खातं, पासपोर्ट साइज फोटो. पॅन विसरू नका, त्याच्याशिवाय प्रॉडक्शन पैसे देताना अडतं. तुमच्या कामाचे नमुने एका लिंकवर ठेवा, दोन मिनिटांच्या आत संपतील असे.

३. सहा महिन्यांचे पैसे, आणि ते सहाच का

सगळे सांगतात, सहा महिन्यांचा खर्च घेऊन ये. का ते फारसं कुणी सांगत नाही. हिशेब असा : पहिला महिना जागा शोधण्यात आणि ओळखी करण्यात जातो. दुसऱ्या महिन्यात काम लागलं असं धरू, नशीब चांगलं आहे. टीव्हीच्या क्षेत्रात पैसे नव्वद दिवसांनी देण्याची जुनी पद्धत आहे, आणि हे नव्वद दिवस बहुतेकदा बिल दिल्यापासून मोजले जातात. म्हणजे दुसऱ्या महिन्यातल्या कामाचा पैसा सहावा महिना उजाडल्यावर खात्यात दिसतो. तोवर घरभाडं, जेवण, पास, रिचार्ज तुमच्या खिशातून.

जागेचं डिपॉझिट आणि ब्रोकरची दलाली या सहा महिन्यांत धरू नका, ते वेगळं. दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

कन्व्हेयन्स, म्हणजे रोजचा जाण्यायेण्याचा खर्च, काही ठिकाणी त्या दिवशीच हातात मिळतो. ‘हो’ म्हणताना तेवढं विचारून घ्यायला लाजू नका. मोठं मानधन विचारताना लाजणारी माणसं पाहिलीत, पण रिक्षाच्या पैशांसाठी लाजून उपाशी राहिलेली जास्त पाहिलीत. मीही त्यातलाच.

मधल्या काळात पोटापाण्याला असं काम धरा जे फोन आला की बाजूला ठेवता येईल. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, सबटायटल, मराठी अनुवाद, शिकवण्या. दहा ते सहाची नोकरी धरली तर फोनला दर वेळी ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि तिसऱ्या ‘नाही’नंतर तो येत नाही.

४. कुठे राहायचं

आधी नकाशा समजून घ्या. कास्टिंगची ऑफिसं, एडिट स्टुडिओ, लेखकांच्या बैठकी यांचा मोठा भाग अंधेरी पश्चिमेला आहे : वर्सोवा, यारी रोड, चार बंगला, लोखंडवाला, ओशिवरा. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये बैठ्या बंगल्यांत दारोदार ऑडिशन चालू असतात. दादासाहेब फाळके चित्रनगरी, म्हणजे आपली फिल्मसिटी, १९७७ पासून गोरेगाव पूर्वेला आहे. मालिकांचे सेट मढ, मीरा रोड, नायगाव, ठाण्याचा घोडबंदर रोड असे पसरलेत.

म्हणजे पश्चिम रेल्वे सोयीची. अंधेरीत एकट्याला भाडं परवडत नाही, तिघाचौघांत खोली घेतली तरी जड जातं. गोरेगाव, मालाड, कांदिवली हा मधला मार्ग. मीरा रोड, भाईंदरच्या पुढे जागा स्वस्त होत जातात, पण लोकल साधारण रात्री एक ते पहाटे चार बंद असतात, हे लक्षात ठेवा. पॅक-अप, म्हणजे दिवसाचं शूटिंग संपणं, दीडला झालं की विरारचा माणूस अंधेरी स्टेशनच्या बाकावर बसून पहाट करतो. आणि नव्याने आलेल्यांसाठी सांगून ठेवतो, संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. चढलात तरी उतरणं तुमच्या हातात राहत नाही.

डोंबिवली-कल्याणला नातेवाईक असणं हा मराठी माणसाचा हक्काचा आधार. पहिला महिना तिथे काढा, मावशीच्या हातचं जेवा. त्यानंतर मात्र हला. माझं मढचं काम का गेलं ते वर सांगितलंच आहे.

भाड्याची जागा लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळते, बहुधा अकरा महिन्यांच्या. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. "नोंदणी कशाला, आपण विश्वासाची माणसं" असं कुणी म्हणालं तर पुढची जागा बघा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, तीही झाली का ते बघा. चावी हातात आली की पहिल्याच दिवशी भिंतीची ओल, तुटका नळ, गळका गीझर यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना तोच कामाला येतो.

काही सोसायट्या बॅचलरना जागा देत नाहीत, काही ‘फिल्म लाइनवाले नकोत’ असं तोंडावर सांगतात. राग येतो. त्यात वेळ घालवू नका, आधीच राहत असलेल्या मुलांच्या खोलीत एक कॉट रिकामी होते का ते विचारा. पहिली जागा बहुतेकांना अशीच मिळते.

५. पहिला महिना : निरोप कसा पाठवायचा

"सर, काहीही काम द्या, मी मेहनती आहे." असले निरोप प्रत्येक प्रॉडक्शन मॅनेजरच्या फोनमध्ये ढिगाने पडलेले असतात. त्यातून त्याला काहीच कळत नाही. हे बघा :

"नमस्कार सर. मी दोन शॉर्ट फिल्म आणि एका मालिकेच्या वाईच्या शेड्यूलला थर्ड एडी होतो. ब्रेकडाउन आणि कंटिन्यूटी सांभाळतो. गोरेगाव पूर्वेला राहतो, बाइक आहे. सोमवारपासून मोकळा आहे. कामाची लिंक खाली दिली आहे."

(कंटिन्यूटी म्हणजे कपडे, केस, वस्तू एका शॉटमधून दुसऱ्यात तशाच राहतील हे बघणं.) यात खातं आहे, अनुभव आहे, पत्ता आहे, तारीख आहे. रात्री सव्वादहाला माणूस शोधणाऱ्याला ‘गोरेगाव’ आणि ‘बाइक’ हे दोन शब्द आधी दिसतात. महिन्यातून एकदा असा निरोप पुरे. रोज ‘गुड मॉर्निंग सर’चं फूल पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात.

बाकी वेळ माणसांत काढा. जुहूचं पृथ्वी, दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, फिल्म सोसायट्यांचे खेळ. कामाची भीक मागायला म्हणून जाऊ नका, नाटक-सिनेमा बघायला जा. बघितलेल्यावर बोलता आलं की ओळख आपसूक होते.

६. सेटवरचा पहिला दिवस

कॉल सहाचा असेल तर पावणेसहाला पोचा. फिल्मसिटीत काम असेल तर आणखी थोडा वेळ हाताशी ठेवा, कारण गेटपासून तुमचा सेट बराच आत असू शकतो. (रात्री उशिरा तिथे एकटे चालत बाहेर पडू नका. शेजारीच संजय गांधी उद्यान आहे आणि बिबटे सेटवर येऊन गेल्याच्या बातम्या खऱ्या असतात.) बूट साधे, आवाज न करणारे. फोन सायलेंट. पेन, मार्कर, सेलो टेप, पॉवर बँक, पाण्याची बाटली.

कुणाला काय म्हणायचं? स्पॉटवाले (चहापाणी, खुर्च्या बघणारे), लाइटमन, सेटिंगवाले सगळे ‘दादा’. त्यातले काही तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून हे काम करताहेत. दिग्दर्शक, कॅमेरामन ‘सर’ किंवा ‘मॅम’. मराठी सेटवर कॉस्च्युम आणि हेअरच्या बायका ‘ताई’ असतात. दादांना नावाने एकेरी हाक मारणाऱ्या नव्या एडीला दिवसभर खुर्ची मिळत नाही, आणि का मिळत नाही हे त्याला कुणी सांगतही नाही.

नव्या एडीच्या हातात बऱ्याचदा क्लॅप येतो, म्हणजे सीन-शॉटचे आकडे लिहिलेली, वर आपटायची फळी असलेली पाटी. पाटी धरायची, त्यात काय, असं वाटतं. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या यंत्रात नोंदवला जातो. एडिटर पाटीची फळी आपटल्याची फ्रेम आणि ‘टक्’ हा आवाज एकमेकांवर बसवतो, तेव्हा दोन्ही जुळतात. म्हणून पाटी फ्रेममध्ये पूर्ण दिसायला हवी, अक्षर ठळक हवं, आपटल्यावर क्षणभर स्थिर धरायला हवी. क्रम ठरलेला : रोल साउंड, रोल कॅमेरा, मग तुमचा आवाज, "सीन चौदा, शॉट तीन, टेक दोन", टक्, आणि तुम्ही फ्रेमबाहेर. कुठून बाहेर पळायचं ते आधीच बघून ठेवा. क्लोजअप असेल तर पाटी चेहऱ्याजवळ न्यावी लागते, तिथे हलकेच आपटा. रडण्याच्या सीनसाठी जीव एकवटून बसलेल्या अभिनेत्रीच्या नाकासमोर फाडकन फळी आपटली तर पुढचं मी सांगायला नको. सुरुवातीला क्लॅप राहून गेला तर शॉट संपताना पाटी उलटी धरून देतात. शॉटला आवाज नोंदवत नसतील तर फळी आपटायचीच नाही. टेकचा आकडा बदलायला विसरलात तर ती चूक महिन्याभराने एडिटच्या खोलीत सापडते, आणि तिथे तुमचं नाव घेतलं जातं.

चूक झालीच तर लगेच सांगा. सेटवर चुका रोज होतात, लपवलेली चूक मात्र दुसऱ्या दिवशीच्या कंटिन्यूटीत उघडी पडते.

७. अभिनय करणाऱ्यांसाठी

पोर्टफोलिओवर हजारो रुपये घालू नका. खिडकीजवळ, साध्या भिंतीसमोर, मेकअपशिवाय काढलेले चार फोटो पुरतात : क्लोज, कमरेपर्यंत, पूर्ण, आणि बाजूने. ऑडिशनला आधी इंट्रो द्यावा लागतो. नाव, वय, उंची, कुठले, आधी काय केलंय, मग डावा आणि उजवा प्रोफाइल. वय आणि उंची खरी सांगा. घरून पाठवायचा असेल तर फोन आडवा, मागे पसारा नको, आवाज स्वच्छ.

दारात गेल्या गेल्या "नॉट फिट" ऐकू येईल. त्यांच्या डोक्यातल्या माणसाशी तुमचा चेहरा जुळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पुढच्या दारी जा. आणि मराठी हे भांडवल समजा. हिंदीतही इन्स्पेक्टर, वकील, शिक्षिका अशा भूमिकांना मराठी बोलणारे चेहरे सतत लागतात. हिंदी मात्र स्वच्छ करा.

८. पैसे, कार्ड, कागद

काम ठरताना दिवसाचे किती, शिफ्ट किती तासांची, पैसे कधी, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. "सर, बोलल्याप्रमाणे दिवसाला इतके, बारा तासांची शिफ्ट, पेमेंट नव्वद दिवसांत, बरोबर ना?" समोरून ‘ओके’ आलं तरी तो पुरावा आहे. पैशांतून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पहिल्या वर्षी बरेच जण ते भरतच नाहीत आणि स्वतःचेच पैसे सरकारकडे सोडून देतात.

कामगार संघटनांचा मोठा महासंघ म्हणजे एफडब्ल्यूआयसीई. त्याखाली खात्याखात्याच्या वेगळ्या संघटना आहेत. कलाकारांची सिंटा, लेखकांची एसडब्ल्यूए. संघटनेचं सदस्यत्वाचं कार्ड कधीतरी काढावं लागेल, पण आल्या आल्या घाई नको. दोन-तीन कामं होऊ द्या, म्हणजे आपण या खात्यात टिकतोय का ते कळेल. पैसे भरायचे ते संघटनेच्या कार्यालयातच, पावती घेऊन. लेखकांनी मात्र थांबू नये. कथा कुणाला ऐकवण्याआधी एसडब्ल्यूएकडे ऑनलाइन नोंदवा. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, लिहून काढलेल्या मजकुराला मिळतं.

९. पैसे मागणारे, आणि वेळी-अवेळी बोलावणारे

काम देणारा तुम्हाला पैसे देतो. उलटं झालं की ते काम नव्हे. रजिस्ट्रेशन, कॉस्च्युमचं डिपॉझिट, ‘कार्ड दोन दिवसांत काढून देतो’, ‘लीड रोल पक्का, फक्त अमुक स्टुडिओतून फोटो काढा’ : सगळे एकाच माळेचे मणी. मीटिंग ऑफिसात, दिवसा. पत्ता आणि भेटणाऱ्याचं नाव रूममेटला पाठवून मगच जा. हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री उशिरा कुणाच्या घरी ऑडिशनला बोलावलं तर जाऊ नका, नाव कितीही मोठं असो.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, आणि त्यात इंटर्न, रोजंदारीवरच्या सगळ्या स्त्रिया येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून मेसेज पुसून टाकू नका. तातडीची वेळ आली तर ११२.

१०. फोन येत नाही तेव्हा

पावसाळ्यात आऊटडोअर शूटिंग थंडावतं. जूनमध्ये सामान घेऊन येऊ नका, जमल्यास गणपतीनंतर या. आणि पहिल्या वर्षात कधीतरी दोन-अडीच महिने फोन गप्प बसतोच. अशा वेळी एक वही काढा. आजवर ज्यांच्यासोबत काम केलं त्यांची नावं लिहा, स्पॉटदादांपासून. प्रत्येकापुढे लिहा, या माणसाने मला दुसऱ्यांदा बोलावलं का? बोलावलं असेल तर कुणाच्या सांगण्यावरून? माझ्या वहीत पहिल्या वर्षाअखेरीला एकवीस नावं होती आणि दुसऱ्यांदा बोलावणारी चार. चारांपैकी तिघांकडे माझं नाव एका लाइटमन दादांनी सांगितलं होतं. त्यांना पावसात एकदा मीरा रोड स्टेशनपर्यंत बाइकवर सोडलं होतं.

वर्ष संपताना तुमच्या वहीत दुसऱ्यांदा बोलावणारं एकही नाव नसेल, तर खातं बदलून बघा. एडी म्हणून न चाललेली माणसं आर्टमध्ये, प्रॉडक्शनमध्ये झकास चाललेली मी पाहिली आहेत. नाव असेल, एक का होईना, तर त्याला आजच निरोप टाका : कुठे राहता, कधीपासून मोकळे आहात. आणि रात्री फोनचा आवाज चालू ठेवून झोपा.